बोट सुटण्याआधीचा कागद

(जुळे सोलापूर येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर 'समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती' हा विषय वाचून करमाळ्याकडच्या एका जाणत्या शेतकऱ्याने आम्हाला दारातच गाठले. म्हणाले, "साहेब, आमच्या वस्तीवर टँकर कधी येणार ते आम्हाला आदल्या दिवशी कळत नाही, आणि तुम्ही बोटी कधी येणार ते काय सांगताय?" प्रश्न अगदी रास्त आहे. सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर. इथल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नसेल. पण गेल्या काही हंगामांत कापसाच्या भावाला जे धक्के बसले, त्यातले काही त्या समुद्रावरून आले. ज्वारीच्या ताटात तर समुद्र 1972 सालीच येऊन बसला होता. तेव्हा थोडा वेळ बोटीवर चढू, मग वावरात परत येऊ.

सुरुवात आपल्या गावच्या टॉवेलापासून करू. इथून जवळच अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत माग धडधडतात. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्यातला टॉवेल अमेरिकेला जातो, युरोपला जातो, आखातात जातो. समजा, एका कारखानदाराने अमेरिकेतल्या दुकानदाराला एक कंटेनर टॉवेल विकले. माल तयार झाला, खोकी बांधली, कंटेनर भरला, सील लागले, ट्रक न्हावाशेवाला गेला. पूर्वी एवढे झाले की काम झाले. बोटीचा कप्तान आपल्या मालयादीवर, म्हणजे ज्याला मॅनिफेस्ट म्हणतात त्यावर, 'सर्वसाधारण माल' किंवा 'आत अमुक असल्याचे सांगितले जाते' असे मोघम लिहून निघून जाई. आत काय आहे ते पलीकडच्या बंदरात पेटी उघडली तर कळणार, नाही उघडली तर नाही.

11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कच्या इमारती पडल्या आणि अमेरिकेच्या सरकारला एकदम जाणीव झाली की विमानाने जे घडले ते कंटेनरनेही घडू शकते. रोज हजारो पेट्या आपल्या बंदरात उतरतात आणि आत काय आहे ते फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक. सगळ्या पेट्या उघडून बघायच्या तर व्यापारच बंद पडेल. मग तोडगा काढला तो असा, की पेटी उघडू नका, पेटीची माहिती आधी मागा. 31 ऑक्टोबर 2002 ला नियम छापला, 2 डिसेंबरपासून लागू केला आणि फेब्रुवारी 2003 पासून कडक केला. नियम साधा आहे. परदेशी बंदरात पेटी बोटीवर चढण्याच्या 24 तास आधी तिची माहिती अमेरिकेच्या कस्टमकडे पोचली पाहिजे. लक्षात घ्या, अमेरिकेत पोचण्याच्या 24 तास आधी नव्हे, न्हावाशेवात किंवा कोलंबोत बोटीवर चढण्याच्या 24 तास आधी. माहिती मोघम असेल तर 'चढवू नका' असा निरोप येतो आणि पेटी धक्क्यावर राहते.

पुढे 2006 साली त्यांनी बंदर सुरक्षेचा कायदा केला आणि 25 नोव्हेंबर 2008 ला त्याखालचा नवा नियम जाहीर केला. व्यापारी त्याला 'दहा अधिक दोन' म्हणतात. दहा गोष्टी आयातदाराने कळवायच्या, दोन बोटवाल्याने. विकणारा कोण, घेणारा कोण, आयातदाराचा आणि माल ज्याच्या नावे आहे त्याचा सरकारी क्रमांक, माल बनवला कोणी, उतरवून कोणाकडे जाणार, कोणत्या देशात बनला, मालाचा सहा आकडी सांकेतिक क्रमांक, पेटी कोणत्या जागी भरली आणि कोणी भरली. बोटवाल्याने कळवायचे ते बोटीवर कोणती पेटी कुठे रचली आहे त्याचा नकाशा आणि पेटीच्या हालचालीचे निरोप. पेटी कुठे भरली आणि कोणी भरली या दोन गोष्टींना थोडी सवड आहे, बाकीच्या आठ पेटी चढण्याच्या 24 तास आधी. चुकले तर एका चुकीला पाच हजार डॉलरपर्यंत दंड.

हा सहा आकडी क्रमांक मात्र तुमच्या कामाचा आहे. साऱ्या जगात मालाचे पहिले सहा आकडे एकच असतात. टेरी टॉवेलचा 630260. सरकी काढलेल्या कापसाचा 5201 पासून सुरू होतो, ज्वारीचा 1007 पासून. सातबाऱ्यावरचा गट नंबर जसा तोंडपाठ असतो तसे हे दोन आकडे पाठ करून ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे अमेरिकेचे चोचले. तसे नाही. समुद्रावरून येणारा धोका महाराष्ट्राइतका कोणी भोगला असेल? 1993 साली मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले त्यांचे आरडीएक्स रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, शेखाडीला, होड्यांतून उतरले होते. त्या खटल्यात कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. 'दहा अधिक दोन'चा नियम छापला गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 26 नोव्हेंबर 2008 ला, दहा माणसे एका पळवलेल्या मच्छीमार बोटीच्या आधाराने मुंबईच्या किनाऱ्याला लागली. आणि सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेल्या पेट्यांत जवळपास तीन हजार किलो हेरॉईन सापडले. कागदावर लिहिले होते, शंखजिऱ्याचे दगड.

या तीन गोष्टींवरून आमचे मत असे झाले आहे की कागद हा राखणदार नव्हे. शेखाडीच्या होडीला मॅनिफेस्ट नव्हते, कुलाब्याच्या होडीलाही नव्हते. ज्याला चोरटेपणानेच यायचे आहे तो नियम भरून येत नाही. पण मुंद्र्याच्या मालाला कागद होता, आणि जिथे कागद असतो तिथे खोटेपणा कोणाच्या तरी नावावर लिहिलेला असतो. पेटी पकडली की नाव हातात येते. एवढाच कागदाचा उपयोग, आणि तो लहान नाही. प्रत्येक पेटी परदेशातच यंत्राखालून तपासायची असा कायदा अमेरिकेने 2007 साली करून पाहिला. त्याची मुदत 2012 ची होती. ती वाढवत वाढवत नेली, पण सगळ्या पेट्या काही तपासल्या गेल्या नाहीत. कागदाचा नियम मात्र टिकला, कारण तो स्वस्त पडतो. स्वस्त अर्थातच त्यांना. त्याचा खर्च इथला टॉवेलवाला भरतो.

अमेरिकेने केले की इतरांनी केले. चीनने 2009 पासून, युरोपने 2011 पासून, जपानने 2014 पासून असेच आगाऊ कागद मागायला सुरुवात केली. युरोपने तर जून 2024 पासून समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी नवी, अधिक बारीक पद्धत आणली. तीत 'कापड', 'सुटे भाग', 'अन्नपदार्थ' असले ढोबळ शब्द लिहिले तर यंत्रच कागद परत करते. आमच्या ओळखीच्या एका लहान कारखानदाराची पेटी अशीच अडकली होती. माल भरला अक्कलकोट रोडवर आणि दलालाने कागदावर भरण्याची जागा लिहिली पनवेलची. बोट गेली, पेटी राहिली, दुसरी बोट येईपर्यंतचे भाडे कारखानदाराच्या अंगावर. त्याने त्या महिन्यात सूत उधारीवर घेतले. आणि उधारीच्या सुताचा भाव शेवटी कोणाच्या कापसातून कापला जातो, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. (त्या टॉवेलात तुमच्याच शिवारातला कापूस असतो असे आम्ही म्हणत नाही. सूत कुठूनही येते. पण साखळी एकच आहे.)

ही साखळी आता वावरापर्यंत येऊ लागली आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतात सक्तीच्या मजुरीने कापूस पिकतो, असे म्हणून अमेरिकेने 2021 साली एक कायदा केला आणि जून 2022 पासून लागू केला. त्या प्रांताचा कापूस कपड्यात असल्याचा संशय आला तर माल बंदरात अडवतात आणि आयातदाराला सांगतात, हा कापूस कुठल्या शेतातला ते दाखव. उद्या ते पुरावे भारतातल्या कारखानदाराकडे मागितले जातील. तो जिनिंगवाल्याकडे मागेल. जिनिंगवाल्याच्या अंगणात पन्नास गावांच्या कापसाची एकच गंजी असते, तो काय दाखवणार? केंद्र सरकारने 2020 साली 'कस्तुरी' नावाने भारतीय कापसाला ओळख द्यायचे ठरवले. त्यात गाठीचा माग जिनिंगपर्यंत काढता येतो. चांगली गोष्ट आहे. पण माग ठेवण्याचा खर्च कोणी करायचा आणि त्याबद्दल जादा भाव कोणाला मिळायचा, याचा हिशेब शेतकऱ्यासमोर अजून कोणी मांडलेला नाही. तो मांडेपर्यंत आपण घाई करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे झाले जाणाऱ्या मालाचे. आता येणाऱ्या मालाकडे वळू, कारण खरे दुखणे तिथे आहे.

आपल्या देशातही कायदा आहे. 1962 च्या कस्टम कायद्याखाली बोटीने आपली मालयादी बंदरात येण्याआधी द्यावी लागते. 2018 साली सरकारने समुद्री मालयादीचे नवे नियम काढले. शेवटचे परदेशी बंदर सोडण्याआधीच यादी संगणकावर भरायची, आत काय आहे ते नीट लिहायचे, असा त्यांचा रोख. त्यांच्या अंमलाच्या तारखा कितीदा पुढे सरकल्या ते मोजायचे आम्ही सोडून दिले. 2021 साली कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. बोट ज्या दिवशी यायची त्याच्या आदल्या दिवसाअखेर आयातदाराने मालाचा दाखला भरला पाहिजे. म्हणजे काय झाले? परदेशातून कापूस, वाटाणा, तूर, तेल, काहीही येत असो, माल धक्क्यावर उतरण्याआधी सरकारच्या संगणकात त्याची नोंद असते. वजन, किंमत, कुठून आला, कोणाचा, सगळे.

आता 2025 चा हंगाम आठवा. कापसाच्या आयातीवर फेब्रुवारी 2021 पासून 11 टक्के शुल्क होते. मध्ये 2022 साली एप्रिल ते ऑक्टोबर ते माफ केले होते. 19 ऑगस्ट 2025 पासून ते पुन्हा माफ झाले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले. आठ-दहा दिवसांत ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर शुल्क चढवत 27 ऑगस्टला ते 50 टक्क्यांवर नेले होते, टॉवेलवाले आणि कपडेवाले अडचणीत होते, त्यांना स्वस्त कापूस द्यायचा म्हणून हे केले. त्यांची अडचण खरी होती, ती आम्ही नाकारत नाही. पण महिने बघा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आपली पहिली वेचणी, दिवाळीची देणी, सोसायटीचे हप्ते, मुलीच्या लग्नाची बोलणी, सगळे याच तीन महिन्यांत. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 रुपये आणि लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल जाहीर झालेला होता. बाहेर काय भावाने गेला ते तुमच्या पट्ट्या सांगतील.

आम्हाला तेव्हा एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. बोटी किती निघाल्या? अमेरिकेच्या बंदरातून न्हावाशेवाला यायला महिनाभर तरी लागतो. म्हणजे नोव्हेंबरात जो माल उतरणार तो ऑक्टोबरात समुद्रावर असतो. एका चाळीस फुटी पेटीत साधारण 19 ते 20 टन रुई मावते. थोडा हिशेब करू. आपली गाठ 170 किलोची, म्हणजे एका पेटीत आपल्या 110 च्या वर गाठी. शंभर किलो कापसातून 34 किलो रुई धरली तर एका पेटीला साडेपाचशे क्विंटलच्या पुढे कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा. एक पेटी म्हणजे जवळजवळ 140 एकरांची वेचणी. एका बोटीवर अशा किती पेट्या येतात, हे ज्याला महिनाभर आधी कळते तो त्या भावात सौदा करतो. ज्याला कळत नाही तो मोंढ्यात गाडी उभी करून अडत्याच्या तोंडाकडे बघतो. (एक सावधानता. अमेरिकेची गाठ 480 पौंडांची, म्हणजे सुमारे 218 किलोची. वर्तमानपत्रात 'इतक्या गाठी आल्या' असे वाचाल तेव्हा कोणाची गाठ ते आधी विचारा.)

गिरणीवाल्याला कळते, कारण त्याने स्वतःच मागवलेला असतो. मोठ्या व्यापाऱ्याला कळते, कारण त्याची माणसे त्या बंदरावर असतात. सरकारला कळते, कारण कागद त्याच्याकडेच भरतात. मग न कळणारा उरला कोण?

अमेरिकेचा शेतकरीही एके काळी असाच अंधारात होता. 1972 च्या उन्हाळ्यात रशियाने अमेरिकन कंपन्यांकडून गुपचूप प्रचंड गहू उचलला. कंपन्यांना ठाऊक होते, शेतकऱ्याला नव्हते. त्याने नुकताच काढलेला गहू स्वस्तात देऊन टाकला आणि मग भाव चढले. तिथला शेतकरी खवळला. 1973 साली कायदा झाला. निर्यातदाराने परदेशी केलेली विक्री दर आठवड्याला सरकारला कळवायची आणि सरकारने ती छापायची. गहू, मका, ज्वारी, सोयाबीन यांचा एका दिवसात एका देशाला एक लाख टन किंवा त्याहून मोठा सौदा झाला तर तो दुसऱ्याच दिवशी कळवायचा. कापसाचा हिशेब दर गुरुवारी बाहेर पडतो, देशवार. त्यात भारताने किती गाठी घेतल्या तेही असते. म्हणजे गंमत बघा, भारतात किती अमेरिकन कापूस येणार आहे हे टेक्सासच्या शेतकऱ्याला गुरुवारी सकाळी कळते, आणि वैरागच्या शेतकऱ्याला भाव पडल्यावर कळते.

त्याच 1972 साली आपल्याकडे काय चालले होते ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दुष्काळ. खडी फोडायची कामे, सुकडी, आणि रेशनवर लाल मिलो. मालदांडी खाणाऱ्या मुलखाला परदेशी ज्वारी खावी लागली. मालदांडीचा 35-1 हा वाण इथल्याच मोहोळचा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आज भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या मुलखाच्या ताटात ती लाल भाकरी. ती आली म्हणून माणसे जगली, हे खरेच आहे. उपकार विसरू नये. पण कोणत्या बोटीने, कोणत्या प्रतीची, कसल्या बियांसकट आली, हे खाणाऱ्याला कोणी सांगितले नाही. गाजरगवत आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात पुण्याजवळ दिसले आणि ते परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. ते नेमके कोणत्या धान्याबरोबर आले यावर वाद आहे, पण ते आज कोणाच्या बांधावर नाही? शेतीची पदवी घेतली त्या दिवसापासून आम्ही हे गवत उपटतो आहोत. अमेरिकन कापसाला छळणारा बोंडातला सोंड्या किडा आपल्या देशात नाही आणि तो येऊ नये म्हणून 2003 चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे. सुरक्षा म्हणजे फक्त बॉम्ब आणि हेरॉईन नव्हे. किडीचीही एक सुरक्षा असते आणि भावाचीही.

मग सरकारने ही माहिती आपल्याला द्यायला काय हरकत आहे? इथे नीट ऐका, कारण ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. 2022 सालच्या वित्त कायद्याने कस्टम कायद्यात कलम 135 अअ घातले गेले. आयात-निर्यातीच्या कागदातली मालाची किंमत, वर्गवारी, प्रमाण किंवा आयातदार-निर्यातदाराचा तपशील कोणी प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारण असे दिले की व्यापाऱ्याची गुपिते बाजारात विकली जात होती. विकली जात होती हे खरे आहे. आणि अमेरिकेत? तिथे बोटीने आलेल्या मालाच्या मॅनिफेस्टमधली माहिती वर्तमानपत्रे मिळवू शकतात, छापू शकतात. ज्या आयातदाराला आपले नाव झाकायचे असेल त्याने अर्ज करायचा. 'दहा अधिक दोन'चा कागद तेही गुप्त ठेवतात, पण मालयादी उघडी. ज्या देशाला सुरक्षेची सर्वांत जास्त चिंता, त्याने यादी उघडी ठेवली आहे. मग सुरक्षेसाठी गुपित ठेवावे लागते, हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

25 मे 2025 ला केरळच्या किनाऱ्यापुढे एमएससी एल्सा 3 नावाची बोट बुडाली. तिच्यावर 640 कंटेनर होते, त्यातल्या 13 मध्ये धोकादायक माल, आणखी 12 मध्ये कॅल्शियम कार्बाइड. प्लास्टिकचे बारीक मणी किनाऱ्यावर पसरले. मासेमारी थांबली. जाळ्यात काय येणार हे कोळ्याला कळायला हवे की नको? आपली गत त्या कोळ्यासारखीच आहे, फक्त आपल्या जाळ्यात भाव अडकतो.

आता आपली मागणी. आम्ही आयात बंद करा म्हणत नाही. ते म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते शेतकऱ्याने आयातबंदीची भीक मागितली की उद्या निर्यातबंदी त्याच्याच गळ्यात येते. कापूस आणि कांदा, दोघांनीही ती चव घेतली आहे. व्यापार होऊ द्या. पण सौदा दोन्ही बाजूंनी डोळे उघडे ठेवून होऊ द्या.

आणि हे काही आकाशातले तारे नाहीत. पोलादाला हे मिळालेले आहे. 1 नोव्हेंबर 2019 पासून परदेशी पोलाद आणणाऱ्याला आधी संगणकावर नोंद करावी लागते. देशातल्या पोलाद कारखानदारांना आयातीची आगाऊ माहिती मिळावी हाच त्याचा जाहीर हेतू आहे. पुढे कोळसा, तांबे, ॲल्युमिनियम, कागद यांनाही अशीच व्यवस्था झाली. अहो, डिसेंबर 2023 मध्ये पिवळा वाटाणा मोकळा केला तेव्हा त्यालाही अशी नोंदणी लावली होती. म्हणजे यंत्रणा आहे, माणसे आहेत, शेतमालालाही ती लावता येते. पोलादाच्या कारखानदाराला आगाऊ कळावे ही देशाची गरज, आणि कापूस पिकवणाऱ्याला कळावे ही गरज नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणतील?

कलम 135 अअ आडवे येत नाही. ते खासगी माणसाने आकडे फोडण्याविरुद्ध आहे. केंद्र सरकारने स्वतः प्रसिद्ध केले तर त्याला ते लागू नाही, असे त्या कलमातच म्हटले आहे. आम्हाला कोणाचे नाव नको, कोणाची किंमतही नको. 5201 खाली येत्या सहा आठवड्यांत किती टन, कोणत्या देशातून, कोणत्या बंदरात. 1007 खाली किती. तुरीचे, वाटाण्याचे किती. दर आठवड्याला एक पान. एवढेच.

काही मित्र म्हणतात, कळून करणार काय? कोरडवाहू शेतकरी कापूस ठेवूच शकत नाही. घरात ठेवला तर पिवळा पडतो, पोरांच्या अंगाला खाज सुटते, सावकार दारात. हे आम्हाला मान्य आहे. नुसत्या माहितीने भाव मिळत नाही. तूर-सोयाबीनला बाजार समितीची तारण योजना आहे, कापसाला तशी सोय हवी, तो वेगळा लढा आहे आणि त्यावर दुपारच्या सत्रात बोलणे होईल. पण दोन वेचण्यांपैकी दुसरी थांबवायची की नाही, हमीभावाच्या केंद्रावर रांग लावायची की गावातच मोडायचा, पुढच्या मृगाला कापूस किती एकर आणि तूर किती, एवढे निर्णय तर आपल्या हातात आहेत ना? ते आज आपण दुकानदाराच्या आणि अडत्याच्या सांगण्यावर घेतो.

ठरावाचा मसुदा छापून आणला आहे. केंद्रीय वाणिज्य आणि कृषी या दोन्ही खात्यांना तो जाईल आणि त्याच्या प्रती जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांना. शिवाय दर तालुक्यातून एक माहिती अधिकाराचा अर्ज कस्टमकडे जाईल. नावे-किंमती वगळून फक्त एकूण वजन मागायचे, म्हणजे व्यापारी गुपिताचे कारण पुढे करता येणार नाही. अर्ज कोणी कसा लिहायचा ते दुपारी समजावून देऊ.

आणि एक काम ज्याला सरकार लागत नाही. कापूस सुरू झाला की दर गुरुवारी आपापल्या बाजारातला भाव, कमी, जास्त आणि तुम्हाला मिळालेला, तारखेसह लिहून ठेवायचा. त्याच गुरुवारी अमेरिकेत बाहेर पडणारा भारताच्या गाठींचा आकडा आम्ही सोलापुरातून मिळवून तालुक्यांना कळवू. हंगाम संपला की दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघू. वह्या मागच्या टेबलावर आहेत, अकरा तालुक्यांच्या अकरा. तालुकाप्रमुखांनी सही करून आत्ताच घेऊन जाव्यात, जेवणानंतर गर्दी होते.